बोलकी पुस्तकं

बोलकी पुस्तकं म्हणजे छापील पान ज्यांना वाचता येत नाही त्यांनी कानाने वाचायची पुस्तकं. बऱ्याच जणांना वाटतं हा फक्त अंध लोकांचा विषय, पण डिस्लेक्सियावाले, लकव्यामुळे पुस्तक हातात धरता न येणारे, नजर अधू झालेले आजी-आजोबा असे सगळेच यात येतात. आणि मोबाईलवर विकत मिळणारं ऑडिओबुक म्हणजे हे नव्हे बरं का. ऑडिओबुकात मागे म्युझिक, आवाज काढून संवाद वगैरे चालतं, बोलक्या पुस्तकात पान नंबर, तळटीप, चित्रात काय आहे तेसुद्धा वाचावं लागतं, कारण ऐकणारा उद्या एमएच्या पेपरला बसणार असतो.

मुंबईत हे काम म्हटलं की पहिल्यांदा नाव निघतं वरळी सीफेसच्या 'नॅब'चं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, स्थापना 1952. कॅसेटच्या जमान्यात एक जाडी कादंबरी रेकॉर्ड करायची तर पिशवीभर कॅसेट व्हायच्या, त्या टपालाने यायच्या-जायच्या, आणि अमुक प्रकरण कुठे आहे हे शोधायला टेप पुढे-मागे करत बसायचं. वाचणारे बहुतेक स्वयंसेवक, रिटायर झालेले, हौशी नाटकवाले, घरी दुपारची वेळ मोकळी असणाऱ्या बायका. नाटकवाल्यांचा प्रॉब्लेम असा की ते फार रंगवून वाचतात, आणि अर्थशास्त्राचं पुस्तक रंगवून वाचलं की ऐकवत नाही. चांगला वाचक तोच, जो थोड्या वेळाने जाणवेनासा होतो.

कॅसेट गेली आणि डेझी आलं. डेझी हा फॉरमॅट आहे, त्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था 1996 ला झाली. यात आवाजाला पुस्तकाची रचना जोडलेली असते, म्हणजे थेट पाचव्या प्रकरणावर किंवा 112 व्या पानावर उडी मारता येते, खूण करून ठेवता येते, वेग वाढवता येतो. ऐकायला किरकोळ वाटेल पण अभ्यास करणाऱ्याला हाच मोठा फरक.

कायद्याची गाडी मात्र उशिरा आली. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीआधी कॉपीराइट असलेलं पुस्तक अंध वाचकासाठी रेकॉर्ड किंवा स्कॅन करायचं तर रीतसर प्रकाशकाची परवानगी लागायची. 2012 नंतर ती अट गेली, मग 2013 चा माराकेश करार आला ज्याच्यामुळे अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येतात, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, 2014 ला. 2016 ला 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररी सुरू झाली, देशभरातल्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं तिथे एकत्र मिळतात, मेंबर होता येतं. मुंबईत धोबीतलावजवळ सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून एक्सआरसीव्हीसी नावाचं केंद्र आहे, तिथेही कॉलेजची पुस्तकं वाचण्याजोगी करून देण्याचं काम चालतं.

आता रेकॉर्डिंगची वाट न बघता मशीनलाच वाचायला लावायचा जमाना आहे. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, दोन्ही फोनसोबतच येतात, कॉम्प्युटरला एनव्हीडीए, 2006 ला ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं आणि फुकट. सराव झालेली माणसं ते इतक्या स्पीडने ऐकतात की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू येते. लोकलमध्ये ऐकायचं तर एकाच कानात इअरफोन, दुसरा कान 'पुढील स्टेशन' साठी मोकळा ठेवावाच लागतो, नाहीतर दादरला उतरायचं आणि पोचायचं कुर्ल्याला.

मराठीची खरी अडचण आवाजाची नाहीये, फॉन्टची आहे. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं, दिवाळी अंक, सरकारी जीआर जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाले, ज्यात 'क' दिसतो पण कॉम्प्युटरच्या हिशोबाने ते कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळ्यांना पान एकदम चकाचक, आणि स्क्रीन रीडर उघडला की भलतंच काहीतरी बरळायला लागतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत असेल तरच तो नीट वाचतो, म्हणून मराठी विकिपीडिया छान ऐकता येतो आणि तीच माहिती असलेली जुनी पीडीएफ ऐकता येत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसता फोटोच, तिच्यातून ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, अक्षरं काढावी लागतात आणि जोडाक्षरं, रफार, पिवळं पडलेलं पान आलं की त्यात चुका होतात, मग कोणीतरी डोळस माणूस बसून ओळ न् ओळ तपासतो. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. प्रकाशकाने छपाईची फाइल युनिकोडमध्ये दिली तर हे काम जवळजवळ उरतच नाही, पण पायरसीच्या भीतीने फाइल द्यायला हात आखडतो, आणि मला ही भीती जरा जास्तच ताणलेली वाटते.

उच्चारांची गंमत वेगळी. 'चार चाकं' यातले दोन्ही च लिहायला सारखे, बोलायला वेगळे, मशीनला ते दर वेळी कळेल याची खात्री नाही.

सगळं कानानेच वाचावं का, यावर शिक्षकांमध्ये वाद आहे. नुसतं ऐकून वाढलेल्या मुलाला 'शुद्धलेखन' मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ हे कुठून कळणार, त्याला ते बोटाखालीच यायला हवं. त्यामुळे ब्रेल सुटत नाही. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल 1951 पासून आहे, आणि मुंबईतून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 ला स्वागत थोरात यांनी सुरू केलं. अडचण जागेची, एका कादंबरीचे ब्रेलमध्ये तीन-चार जाडजूड खंड होतात आणि चाळीच्या खोलीत ते ठेवायचे कुठे. यावर ब्रेल डिस्प्ले हा उपाय, यात टाचण्या वर-खाली होऊन एकेक ओळ बोटाखाली उमटते, पण किंमत अजून सामान्य माणसाच्या खिशाबाहेरची.

पुस्तकांचंच तंत्र सिनेमात गेलं की त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात, दोन संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते एक आवाज सांगतो, थिएटरमध्ये स्वतःच्या मोबाईलच्या इअरफोनवर, ओटीटीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर. 2023 ला दिल्ली हायकोर्टाने 'पठाण' च्या ओटीटी रिलीजसाठी हे करायला सांगितलं, आणि मार्च 2024 मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याने थिएटरमधल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यात ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शनही आहेत. मराठी सिनेमाचं बजेट छोटं असतं हे खरं, तरी दोन तासांच्या सिनेमाला लागतो एक चांगला लिहिणारा, एक आवाज आणि स्टुडिओचा थोडा वेळ, आणि या तिन्ही गोष्टींची मुंबईत टंचाई नाही.