साचा उन्हात वाळवू नका: घरी दागिने ओतणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"भाऊ, पावडर खराब निघाली." साच्याची पावडर विकणाऱ्या आमच्या दुकानात ही तक्रार वरचेवर येते. सोबत पुरावाही असतो. कुणाचे जोडवे चाळणीसारखे छिद्राछिद्रांचे, तर कुणाची चांदी साच्यातून उसळून जमिनीवर सांडलेली. आम्ही एकच विचारतो, साचा वाळवला कसा? उत्तर ठरलेले: "गच्चीवर ठेवला होता, कडक उन्हात. वाजवून पाहिला, खणखणीत!"

पावडर चांगलीच असते. चुकते ते हेच.

दागिन्याचा मेणाचा नमुना धातूच्या पाइपात ठेवून त्याभोवती कालवलेली पावडर ओततात, ती घट्ट झाली की साचा तयार. भट्टीत मेण निघून जाते आणि त्या पोकळीत चांदी ओततात. या पावडरीत मुख्यतः जिप्सम (प्लास्टरचा मूळ पदार्थ) आणि सिलिका (वाळूतले खनिज) असते. पाणी घातले की जिप्सम त्यातले थोडे पाणी आपल्यात बांधून घेते, म्हणून तर साचा घट्ट होतो. घट्ट झालेल्या जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के असे बांधलेले पाणी असते. ते हाताला लागत नाही आणि चंद्रपूरच्या ४७ अंशांच्या उन्हालाही दाद देत नाही. ते काढायला १०० अंशांच्या वर तापलेली भट्टीच लागते. फक्त उन्हात वाळवलेल्या साच्यात हजार अंशांच्या आसपास तापलेली चांदी ओतली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. चांदीतून वाट काढली तर छिद्रे पडतात. वाट सापडली नाही तर चांदीच अंगावर येते.

दुसरे असे की उन्हात ठेवल्याने फायदा तर नाहीच, उलट नुकसान होते. पाइप तापतो, आतले मेण फुगते आणि साच्याला बारीक चिरा जातात. शिवाय भट्टीत जाताना साचा ओलसरच हवा. ओल्या भिंतीत मेण मुरत नाही, वितळून सरळ बाहेर येते. कोरडा साचा मेण पिऊन घेतो, मग ते जाळून काढायला जास्त वेळ लागतो. म्हणून लगेच भट्टी लावणार नसाल तर साचा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

आता भट्टीचे. पावडर ओतल्यावर साचा दोन तास हलवू नका. मग तोंड खाली करून भट्टीत ठेवा: १५० अंशांवर दोन तास, ३७० वर दोन तास, ७३० वर तीन तास. शेवटी चांदीसाठी ५०० च्या आसपास उतरवून तासभर ठेवा आणि गरम असतानाच ओता. घाईने ७५० च्या पुढे नेऊ नका. तिथे जिप्सम मोडू लागते, गंधकाचा वायू सुटतो आणि चांदी काळवंडते. मधेच लाईन गेली तर भट्टीचे दार उघडून पाहू नका, उष्णता तेवढी टिकते. साचा पार थंड झाला असेल तर तो पुन्हा तापवून वापरू नका, तडकतो.

"बस्तरचे ढोकरा कारागीर तर लाकूड-कोळशाच्या आगीत ओततात," असेही काही जण ऐकवतात. खरे आहे, पितळेच्या मूर्ती ते तशाच ओततात. पण त्यांचा साचा मातीचा असतो, प्लास्टरचा नाही. तो हिशेबच वेगळा. गणपतीचे पीओपी मात्र अजिबात चालत नाही. त्यात सिलिका नसते, भट्टीत ते आकसते आणि फुटते. स्वस्त पडते हे मान्य, पण वाया गेलेल्या मेहनतीचा भाव कुणी धरत नाही.

फोडलेले पाकीट आम्ही परत घेत नाही, त्यावरून काही ग्राहक नाराज होतात. पावसाळ्यात उघडी पावडर हवेतली ओल ओढते, आणि तीच पुढच्या माणसाला विकणे आम्हाला पटत नाही. म्हणूनच मोठी गोणी आणून आम्ही एकेक किलोची बंद पाकिटे करतो. लागेल तेवढीच न्या. कालवताना नाकाला मास्क बांधा, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते.

धातू किती लागेल? मेणाच्या वजनाच्या चांदी साडेदहा पट, पितळ सुमारे नऊ पट, आणि वर देठासाठी, म्हणजे धातू आत जायच्या वाटेसाठी, थोडी जास्त. भंडाऱ्याकडचे जुने पितळ वितळवत असाल तर मोकळ्या अंगणातच. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याच्या पांढऱ्या धुराने अंगात ताप भरतो. गूळ खाऊन तो टळत नाही. पायात बंद बूट, अंगावर सुती कपडे, मुशीखाली कोरडी वाळू. शेणाने नुकतेच सारवलेल्या जागेवर ओतकाम नको, तिथेही तीच वाफ.

भट्टी घेणे परवडत नसेल, विशेषतः बचत गटाच्या ताईंना, तर साचा आमच्याकडे आणा. बाजाराच्या आदल्या रात्री आम्ही भट्टी लावतो. इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाईनची चिंता नाही. सकाळी तुमच्यासमोर ओतून देतो. साचा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, ओल्या फडक्यात गुंडाळून द्यावा. पाइपवर नाव, धातू आणि मेणाचे वजन खिळ्याने कोरून आणा. पेनने लिहिलेले भट्टीत जळून जाते, आणि मग कुणाचे जोडवे कुणाचे, यावरून दुकानात वाद होतात.