मुखातील लिम्फोमा व संधिसाधू बुरशीसंसर्ग

लसीका पेशींपासून उद्भवणारा कर्करोग म्हणजे लिम्फोमा (लसीकार्बुद). मुखात तो क्वचित होतो व हॉजकिन व नॉन-हॉजकिन या दोन मुख्य गटांपैकी बहुधा नॉन-हॉजकिन गटातला असतो. टॉन्सिल, टाळू व हिरडी ही त्याची नेहमीची स्थाने. कोल्हापूर परिसरात तंबाखू-मिश्रीमुळे होणारा मुखकर्करोग परिचित असल्याने दोहोंची गल्लत होते. तंबाखूचा तो कर्करोग मुखाच्या अस्तरपेशींचा असून लिम्फोमाची जातकुळी निराळी आहे. एचआयव्हीबाधितांच्या मुखात आढळणारा प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा १९९७ मध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून वर्णिला गेला.

लिम्फोमावरील केमोथेरपीने रक्तातील न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घटल्या, विशेषतः घन मिलिमीटरला ५०० च्या खाली गेल्या, की एरवी मुखात निरुपद्रवी राहणारी कँडिडा बुरशी बळावते; हाच संधिसाधू संसर्ग. तिचा दह्यासारखा पांढरा थर गॉजने पुसता येतो व खालची श्लेष्मल त्वचा लाल, कधी रक्ताळलेली दिसते; ल्युकोप्लाकियाचा (कर्करोगपूर्व मानल्या जाणाऱ्या पांढऱ्या विकाराचा) चट्टा असा निघत नाही.

कँडिडा बुरशीच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. जर्मन वैद्य लांगेनबेक यांनी १८३९ मध्ये ज्वराच्या रुग्णाच्या घशात ती पाहिली, पण तिला त्या ज्वराचेच कारण मानले; मुखरोगाशी तिचा संबंध स्वीडिश वैद्य बर्ग यांनी १८४० च्या दशकात दाखविला, त्यामुळे श्रेय बर्ग यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रेंच शास्त्रज्ञ रोबँ यांनी १८५३ मध्ये तिला ‘ऑइडियम’ या प्रजातीत घातले, तर ‘कँडिडा’ ही प्रजाती डच संशोधक बेर्खाउट यांनी १९२३ मध्ये स्थापिली.

म्युकर व ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशींचा संसर्ग कँडिडापेक्षा अधिक घातक असतो. टाळूवरील काळी, मृत ऊतीची खपली म्युकरची असू शकते, तशीच नाकातून टाळूपर्यंत पसरणाऱ्या एनके/टी-पेशी (लसीका पेशींच्या एका प्रकारच्या) लिम्फोमाचीही. केवळ पाहून निर्णय करणे धोक्याचे. बायोप्सीत (ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना) म्युकरचे तंतू रुंद, विरळ पडद्यांचे व जवळजवळ काटकोनात फुटलेले, तर ॲस्परजिलसचे बारीक, पडदेयुक्त व सुमारे ४५ अंशांत फुटलेले दिसतात. हा भेद उपचारासाठी महत्त्वाचा, कारण व्होरिकोनॅझोल हे बुरशीनाशक ॲस्परजिलसवर चालते, म्युकरवर नाही. तेथे ॲम्फोटेरिसिन बी हे दुसरे बुरशीनाशक व शस्त्रक्रिया लागते. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास लिम्फोमा तात्पुरता आक्रसून निदान हुकू शकते.

२०२१ मधील कोविडोत्तर साथीमुळे म्युकरमायकोसिस (म्युकरचा संसर्ग) सर्वतोमुखी झाला. ते रुग्ण मात्र बहुतांशी मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले होते. कुजणाऱ्या वनस्पतिजन्य पदार्थांवर म्युकर व ॲस्परजिलस वाढत असल्याने न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाने गुऱ्हाळावरील ओल्या चिपाडाच्या ढिगांपासून व शेणखताच्या उकिरड्यापासून दूर राहणे इष्ट ठरते.