बारमाही उबदार झोळी घरी शिवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात रिपस्टॉप नायलॉन (जाड धाग्यांच्या चौकटींमुळे फाटत न जाणारे कापड), पॉलिस्टर वॅडिंग (दुलईत घालायची तंतूंची फुगीर भर), पट्टे आणि दोर मीटरवर मिळतात. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की डोंगरभटकंती करणारे बरेच ग्राहक एकच मागणी घेऊन येतात: रानात मुक्कामाला नेता येईल, वर्षभर वापरता येईल आणि आतून उबेची भर असेल, अशी हॅमॉक म्हणजेच झोळी स्वतः शिवायची आहे, तर साहित्य काय लागेल? साहित्य सांगणे सोपे आहे. मात्र त्याआधी आमचा एक आग्रह आहे, तो असा की उबेची भर झोळीत शिवून टाकू नये. ती वेगळ्या दुलईच्या रूपात झोळीच्या खाली, बाहेरून टांगावी. या आग्रहामागची कारणे आणि शिवणकामाची पद्धत या पत्रकात दिली आहे.

थंडी खालून का लागते

कोणतीही दुलई ऊब देते ती तिच्या फुगवट्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. तंतू केवळ ती हवा जागच्या जागी धरून ठेवतात. आपण स्लीपिंग बॅग घेऊन झोळीत झोपलो की पाठीखालचा तिचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, फुगवटा जातो, आणि पाठ व वारा यांच्यामध्ये कापडाचे काही पदर तेवढे उरतात. जमिनीवर झोपताना निदान खालून वारा वाहत नसतो. झोळीच्या खालून मात्र तो रात्रभर वाहतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. त्यामुळे हवा फारशी गार नसतानाही पहाटे पाठ आणि कंबर गारठते, आणि वरून कितीही पांघरुणे घेतली तरी उपयोग होत नाही.

भर झोळीच्या दोन पदरांमध्ये शिवली तरी हीच अडचण राहते, कारण ती वजनाखाली येतेच. झोळीखाली टांगलेल्या दुलईवर मात्र कोणतेही वजन नसते, म्हणून ती फुगलेली राहते. शिवाय ती सोडवता येते, धुता येते, उन्हाळ्यात घरी ठेवता येते. वर्षभराच्या वापराचा प्रश्न खरे तर इथेच सुटतो.

झोळीचे कापड आणि शिवण

झोळीसाठी साधारण ७० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचे), कोणताही लेप नसलेले रिपस्टॉप नायलॉन घ्यावे. बाजारात ‘पॅराशूट कापड’ या नावाने मिळणाऱ्या कापडाला बहुधा आतून पाणीरोधक लेप असतो. अशा कापडातून अंगाची वाफ बाहेर पडत नाही आणि सकाळी पाठ ओली झालेली असते. पारख सोपी आहे. कापड तोंडाशी घट्ट धरून फुंकर मारावी. हवा थोडी तरी पलीकडे गेली पाहिजे. आपले वजन ९० किलोपेक्षा जास्त असेल तर याच कापडाचे दोन पदर घ्यावेत. दोन पदरांचा दुसरा फायदा म्हणजे खालून कापडातून चावणारे डास तिथेच अडतात.

कापडाचा पन्हा १५० सेंटिमीटरचा असावा आणि लांबी ३ मीटर ४० सेंटिमीटर कापून घ्यावी. लांबीत काटकसर करू नये. झोळीत सरळ न झोपता थोडे तिरपे झोपले तरच पाठ सपाट राहते, आणि आखूड झोळीत तसे झोपता येत नाही. कापलेल्या कडा सुटू नयेत म्हणून त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून हलकेच फिरवाव्यात. नायलॉन वितळून कड बंद होते. हे काम मोकळ्या हवेत आणि सुती कपडे घालून करावे.

लांब कडा दोनदा दुमडून शिवाव्यात. आखूड कडांना आधी १ आणि मग ४ सेंटिमीटर दुमडून नेफा करावा. पायजम्याच्या नेफ्याप्रमाणेच यातून दोर ओवायचा असतो. नेफ्याला शिवणीच्या किमान तीन ओळी द्याव्यात, कारण सगळा भार याच शिवणीवर येतो. दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि वरून तो चांगला दिसत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. सुई ११ किंवा १४ नंबरची आणि टाका ३ मिलिमीटरचा ठेवावा. टाचण्या फक्त दुमडीत लावाव्यात, मधल्या कापडाला छिद्रे पाडू नयेत.

तयार झोळी ३ मीटर ३० सेंटिमीटर भरेल. नेफ्यात मजबूत दोराचा फास ओवून कापडाच्या चुण्या एकसारख्या गोळा कराव्यात, आणि दोन्ही टोकांच्या फासांमध्ये एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधावी. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे आपल्या मापाला सुमारे २ मीटर ७५ सेंटिमीटर ठेवावी. या दोरीमुळे झाडे जवळ असोत की लांब, झोळीचा झोल दर वेळी सारखाच येतो, आणि खालची दुलई एकदा बेतून बसवली की पुन्हा पुन्हा जुळवावी लागत नाही.

टांगण्याचा कोन

नवीन माणूस झोळी ताठ बांधतो, आणि शिवणी उसवतात त्या बहुतेक यामुळेच. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ७० किलो वजनाच्या माणसासाठी प्रत्येक टोकावर सुमारे ७० किलोचाच ताण येतो. कोन १५ अंशांवर आला की हाच ताण सुमारे १३५ किलो होतो, आणि १० अंशांवर २०० किलोपर्यंत जातो. वजन तेच असते. पट्टा जितका सपाट, तितका ताण वाढत जातो. दोन झाडांमध्ये साडेचार मीटर अंतर असेल तर पट्टा जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर बांधावा, म्हणजे बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीला येते. त्याहून उंच टांगण्यात काही लाभ नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो.

पट्टे पॉलिस्टरचे, किमान २५ मिलिमीटर रुंदीचे आणि प्रत्येकी ३ मीटर लांबीचे घ्यावेत. नायलॉनचा पट्टा रात्रीतून ताणतो आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते. पिशव्यांना लावतात तो हलका पट्टा यासाठी चालत नाही. बारीक दोर थेट झाडाला बांधू नये, तो सालीत रुततो. पहिल्यांदा बसण्याआधी खाली गादी घालून, झोळी जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून, हळूहळू भार द्यावा आणि शिवणी पुन्हा तपासाव्यात.

खालची दुलई

सर्वांत जास्त मन लावून करण्याचे काम हेच आहे. आमचा सल्ला असा की एक जाड दुलई शिवण्याऐवजी दोन शिवाव्यात: एक १०० जीएसएम वॅडिंगची आणि एक २०० जीएसएमची. दोघींचे माप एकच, २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. या दोनमधून तीन ऋतूंच्या तीन जोडण्या होतात: फक्त पातळ, फक्त जाड, किंवा कडाक्याच्या थंडीत दोन्ही एकावर एक. ५० जीएसएमचे आतले आणि बाहेरचे कापड धरून पातळ दुलईचे वजन सुमारे ४८० ग्रॅम आणि जाड दुलईचे सुमारे ७२० ग्रॅम भरते. दोरी व इलॅस्टिकचे वजन वेगळे.

कापसाची भर घालू नये, असे आम्ही कापसाविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो. घरातल्या गादीला कापूस उत्तमच, परंतु रानात तो दव धरतो, जड होतो, गोळे होऊन बसतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिस्टर वॅडिंग ओले झाले तरी थोडा फुगवटा टिकवते आणि झटकून वाळत घातले की पूर्ववत होते. गोधडीसारखे दाट टाकेही इथे घालू नयेत. गोधडीचे सौंदर्य आणि टिकाऊपणा त्या टाक्यांत आहे हे खरे, पण प्रत्येक टाका भर दाबतो आणि टाक्यांच्या ओळीतून गारवा आत येतो. त्याऐवजी वॅडिंग चारही कडांना शिवून घ्यावे आणि मधल्या भागात २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर दोऱ्याची एकेक सैल गाठ हाताने मारावी, म्हणजे भर सरकत नाही आणि दबतही नाही.

शिवताना वॅडिंग खाली पसरावे, त्यावर दोन्ही कापडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजू शिवाव्यात, पिशवी उलटवून घ्यावी आणि चौथी बाजू बंद करावी. नंतर चारही कडांना कापडाची स्वतंत्र पट्टी लावून नेफे करावेत. लांब बाजूंच्या नेफ्यांतून ३ मिलिमीटरची गोल इलॅस्टिक दोरी ओवून तिची टोके झोळीच्या दोन्ही फासांना अडकवावीत. आखूड बाजूंच्या नेफ्यांत साधी नाडी घालावी आणि ती ओढून दुलईची टोके झोळीला लगटून बसवावीत. इलॅस्टिक ओढले की कडा चुणतात, मधला भाग खोलगट होतो आणि पाठीच्या गोलाईला नीट बसतो.

दुलई झोळीला फक्त टेकलेली असावी. ती घट्ट ओढली तर फुगवटा दबतो; सैल राहिली तर मधल्या फटीत गार हवा शिरते आणि दुलई असून नसल्यासारखी होते. आपण झोळीत झोपावे आणि सोबत्याने खालून तळहाताने दुलई हलकेच वर लावून पाहावी. आपल्या पाठीला त्या जागी लगेच ऊब जाणवली तर तिथे फट आहे असे समजून इलॅस्टिक थोडे आवळावे. ही तपासणी घरच्या गच्चीवर किंवा अंगणात एक रात्र झोपूनच करावी; अंधारात, थंडीत, थकलेल्या हातांनी ती नीट होत नाही.

इतका खर्च किंवा खटाटोप नको असेल त्यांनी दोन पदरी झोळी शिवून पदरांच्या मध्ये १० मिलिमीटर जाडीची, बंद छिद्रांच्या (क्लोज्ड-सेल) फोमची मॅट सरकवावी. ती दबत नाही, भिजत नाही आणि स्वस्त आहे. खांद्यांच्या बाजू मात्र उघड्या राहतात, म्हणून तिथे मॅटचे दोन आडवे तुकडे जोडावे लागतात.

ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात कोकणात किंवा देशावर दुलई लागत नाही. बारीक जाळीची मच्छरदाणी मात्र लागते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हवा फार गार नसली तरी ओल आणि वारा यांमुळे पाठ गारठते, तेव्हा पातळ दुलई पुरते. जळवांच्या दिवसांत जमिनीपासून वर झोपण्याचा आराम वेगळाच असतो. पावसापासून बचावासाठी किमान ३ मीटर बाय ३ मीटरचे, शिवणी बंद केलेले ताडपत्रीवजा छत कर्णावर टांगावे, आणि झोळीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर छताखाली सुती सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधावा. पट्ट्यावरून ओघळत येणारे पाणी त्या सुतळीवरून खाली गळते आणि झोळीपर्यंत पोहोचत नाही. पाऊस लागू नये म्हणून दुलईला प्लॅस्टिक गुंडाळू नये, आतल्या वाफेनेच ती भिजेल.

महाबळेश्वर, भंडारदरा यांसारख्या उंच भागांत हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. तिथे जाड दुलई आवश्यक आहे, आणि वारा असेल तर दोन्ही. अंगावर घ्यायला वेगळे पांघरूण लागतेच. छताची एक बाजू वाऱ्याकडे खाली ओढून बांधली तर मोठा फरक पडतो. हिमालयात वृक्षरेषेच्या वर झाडेच नसतात, त्यामुळे तिथे तंबूला पर्याय नाही.

जागा निवडताना

जिवंत, निरोगी, मांडीहून जाड बुंध्याची झाडे निवडावीत. आंबा, जांभूळ, ऐन चालतात. पांगारा, सावर, शेवगा टाळावेत. वर वाळकी फांदी किंवा मधमाश्यांचे पोळे असेल, फांद्यांवर तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतील, तर जागा बदलावी. अभयारण्यांत वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय मुक्काम करू नये, आणि संरक्षित किल्ल्यांवर तटबंदी, बुरूज किंवा मंदिराच्या खांबांना पट्टा कधीही बांधू नये. शेकोटी झोळीपासून दूर ठेवावी, कारण एका ठिणगीने नायलॉनला भोक पडते.

परत आल्यावर दुलई कोमट पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावी आणि सैल पिशवीत ठेवावी. महिनोन्‌महिने करकचून बांधून ठेवलेले वॅडिंग पुन्हा पूर्ण फुगत नाही. कापड घ्यायला येताना झोपणाऱ्याची उंची, वजन आणि आपण सहसा कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत जाता हे सांगावे, त्यानुसार आम्ही माप बेतून देऊ. नेफ्याची शिवण घरच्या मशीनवर जमत नसेल तर कापलेले कापड घेऊन यावे. तेवढी शिवण आम्ही दुकानात करून देतो.