जोधा अकबर (चित्रपट)

आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित हिंदी ऐतिहासिक प्रेमपट. १५ फेब्रुवारी २००८ रोजी प्रदर्शित. मोगल बादशहा अकबर (हृतिक रोशन) आणि आमेरची राजकन्या जोधा (ऐश्वर्या राय बच्चन) यांच्या विवाहाची ही कथा. कथालेखन हैदर अली, संवाद के. पी. सक्सेना, गीते जावेद अख्तर, संगीत ए. आर. रहमान. लांबी साडेतीन तासांहून अधिक, ती जाणवते.

आधी प्रेम आणि मग लग्नात विघ्न, हा राजघराण्यांवरील हिंदी प्रेमपटांचा रूढ क्रम. येथे लग्न आधी उरकते, तेही राजकीय सोयरीक म्हणून, आणि पुढचा सारा चित्रपट नवरा बायकोची मर्जी कशी संपादन करतो यावर चालतो. आपण धर्म बदलणार नाही आणि किल्ल्यात कृष्णाचे मंदिर हवे, या जोधाच्या अटी. अकबर त्या चारचौघांत मान्य करतो आणि तिच्या संमतीविना तिला स्पर्शही करत नाही. तिने सुबक अक्षरांत लिहिलेले त्याचेच नाव त्याला वाचता येत नाही आणि तो निरक्षरतेची कबुली देतो, हा प्रसंग लढायांच्या भव्य दृश्यांपेक्षा सरस उतरला आहे. अकबराची दाई माहम अंगा (इला अरुण) हिची कारस्थाने मात्र ठरावीक सासुरवासाच्या वळणाने जातात.

आग्र्याच्या किल्ल्याचा देखावा कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी कर्जतच्या आपल्या स्टुडिओत उभारला. छायाचित्रण किरण देवहंस यांचे. वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आमेरचा राजा भारमल याच्या मुलीशी अकबराचा विवाह १५६२ मध्ये सांभर येथे झाला आणि पुढल्याच वर्षी त्याने हिंदूंवरील यात्राकर रद्द केला, हे इतिहाससिद्ध आहे. चित्रपटातले प्रेम ही मात्र कल्पना. ही राणी मरियम-उझ-झमानी या किताबाने ओळखली जाते. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या ‘अकबरनाम्या’त ‘जोधा’ हे नाव आढळत नाही. हे नाव जिच्याशी जोडले जाते ती जोधपूरची राजकन्या म्हणजे अकबराचा मुलगा जहांगीर याची बेगम, शाहजहानची आई. निर्मात्यांनी आरंभीच नावाबद्दल खुलासा केला, तरी रजपूत संघटनांचा विरोध शमला नाही. राजस्थानातील चित्रपटगृहांनी तेव्हा चित्रपट लावलाच नाही.