मानेकी-नेको

जपानमधील शुभमूर्तींचा एक प्रकार. पुढचा एक पंजा कानापाशी उचलून बसलेले मांजर, हे तिचे ठरलेले रूप. जपानी भाषेत ‘मानेकु’ म्हणजे खुणेने बोलावणे आणि ‘नेको’ म्हणजे मांजर. पाश्चात्त्यांना हा पंजा निरोपाचा वाटतो. जपानमध्ये तळवा खाली करून बोटे आत वळवली की ‘या’ असा अर्थ होतो. महाराष्ट्रातही माणसाला बहुधा असेच बोलावतात, तेव्हा खूण उलगडून सांगण्याची गरज नाही. उजवा पंजा धन आणतो, डावा गिऱ्हाईक, असा संकेत आहे. पंजा हलवणारी सोनेरी प्लॅस्टिकची मांजरे हे अलीकडचे रूप असून येथे मातीच्या मूर्तींचाच विचार केला आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. टोकिओच्या सेतागाया भागातील गोतोकुजी मंदिराच्या परंपरेनुसार, हिकोनेचा सरदार ई नाओताका शिकारीहून परतत असता मंदिराच्या दारातील मांजराने पंजा उचलून त्याला आत बोलावले, व लगोलग वादळी पावसाने झोडपले. मंदिर १६३३ मध्ये ई घराण्याच्या आश्रयाखाली आले आणि ‘गोतोकु’ हे नाव नाओताकाच्या मरणोत्तर बौद्ध नामातून घेतले आहे, एवढा भाग इतिहासाचा, मांजर आख्यायिकेतले. दुसरी कथा एदो (आजचे टोकिओ) येथील किल्ल्याचा निर्माता ओता दोकान याच्याशी व १४७७ च्या लढाईशी जोडलेली असून जिशोइन मंदिरात सांगितली जाते. काही जण आणखी मागे जातात. तांग काळातील चिनी लेखक त्वान छंगशृ याने, मांजराने तोंड धुताना पंजा कानामागे नेला की पाहुणा येतो, हा लोकसमज नोंदवला आहे. त्यावरून मुद्रेमागची कल्पना जुनी असावी, असे फार तर म्हणता येईल. मूर्तीचा तो पुरावा नव्हे.

मूर्तीबद्दलचे भक्कम दाखले १८५२ चे आहेत. त्या वर्षीच्या, चित्रकार हिरोशिगेच्या एका रंगीत काष्ठमुद्रेत अशा मांजरांची विक्री दिसते. ‘बुको नेनप्यो’ या एदोच्या कालवृत्तांत त्याच वर्षाखाली आसाकुसा भागातील एका म्हातारीची हकीकत येते : गरिबीमुळे तिला मांजर सोडावे लागले; ते स्वप्नात येऊन ‘माझी मूर्ती कर’ म्हणाले. ही मूर्ती इमादो येथील मातकामाची होती. चित्र व वृत्तांत एकमेकांना दुजोरा देतात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, किंवा त्याच्या थोडे आधी, इमादोच्या भट्ट्यांत ही मूर्ती घडू लागली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

घडण : इमादोचे मांजर दोन अर्धुकांच्या साच्यात माती दाबून करीत. अर्धुके जोडून कमी आचेवर भाजत, शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा हात देत आणि मग रंग भरत. मांजर आडवे बसलेले, पण तोंड पाहणाऱ्याकडे वळवलेले. पाठीवर वर्तुळ व आकडीसारखे अक्षर मिळून ‘मारुशिमे’ ही खूण. पैसा गोळा करून घेणे असा तिचा अर्थ लावतात. मान वळवून बघणारी ही लहानशी मूर्ती पुढच्या गुबगुबीत मांजरांपेक्षा कितीतरी जिवंत वाटते.

पुढे सेतो येथे सडपातळ, गळ्यात लाळेरे असलेली पोर्सलीनची मांजरे निघाली; कुतानी शैलीच्या मूर्तींवर उठावाच्या ठिपक्यांचे व सोनेरी नक्षीकाम असते. आज सर्वत्र ओळखले जाणारे रूप मात्र तोकोनामे या मातकामाच्या गावचे असून ते दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. मोठे डोके, टपोरे डोळे, हातात कोबान हे सोन्याचे नाणे. खरे कोबान एका र्‍योचे (र्‍यो हे जुने जपानी चलन); मांजराच्या हातातल्यावर एक कोटी र्‍यो लिहिलेले असतात. येथे पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषते, आतल्या भिंतीवर थर धरतो, उरलेली माती ओतून दिली की पोकळ मांजर राहते. साच्याची शिवण हाताने खरवडून काढावी लागते.

आधुनिक प्रयोग : तोकोनामेत रस्त्याकडेच्या भिंतीवर ३९ कलावंतांनी केलेली ३९ मांजरे बसवली आहेत. साच्याची सक्ती नसल्याने प्रत्येकाचा चेहरा निराळा. प्रत्येकाकडे एकेक इच्छा सोपवलेली. त्याच भिंतीवरून ‘तोकोन्यान’ हे ३.८ मी. उंच व ६.३ मी. रुंद मांजराचे डोके गावाकडे पाहते.