जास्त गेलेलं अँटिबायोटिक पाणी पाजून 'धुवून' निघत नाही

नवजात बाळाला अँटिबायोटिक जास्त गेलं तर पाणी पाजा किंवा उलटी करवा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दोन्ही घातक आहेत. पाण्याने औषध लवकर बाहेर पडत नाही. उलट रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटीसाठी मिठाचं पाणी तर मुळीच नको.

बाटली हातात घेऊन लगेच डॉक्टरांना फोन करा: औषधाचं नाव, किती मिली गेलं, केव्हा गेलं, बाळाचं वजन. ड्रॉप्स की सिरप, हे नक्की सांगा. अमॉक्सिसिलिनच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असू शकतं, १२५ मिग्रॅ/५ मिलीच्या सिरपमध्ये फक्त २५. सिरपऐवजी ड्रॉप्सचे तेवढेच मिली दिले तर डोस चौपट! पुढचा डोस विचारूनच द्या. बाळ नीट गिळत असेल तर अंगावरचं दूध चालू ठेवा. सुस्ती, झटके, श्वासाचा त्रास, लघवी कमी झाली तर थेट रुग्णालय गाठा.

इंजेक्शनमधून जेंटामायसिन हे अँटिबायोटिक जास्त गेलं तर रुग्णालयात रक्तातली पातळी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीवर लक्ष ठेवतात, नंतर श्रवणचाचणी करतात. एकाच चुकीच्या डोसनंतर बहुतेक बाळांना रक्तबदल किंवा डायलिसिस लागत नाही.