रेल्वेचा बाँड आणि बँकेचा एटी-वन बाँड, नाव एकच पण काम वेगळं

बाँड म्हणजे कंपनीला किंवा बँकेला दिलेलं कर्ज. तो घेतला म्हणजे पैसा सेफ आणि रिस्क काय ती शेअरमध्ये, असं आपल्याकडे सर्रास बोलतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रेल्वेसाठी कर्ज उचलणाऱ्या आयआरएफसीचा बाँड पण बाँडच आणि येस बँकेचा एटी-वन (अ‍ॅडिशनल टियर वन) बाँड पण बाँडच, पण दुसरा ज्यांच्याकडे होता त्यांचे मिळून ८,४१५ कोटी रुपये मार्च २०२० मध्ये बँक बुडायला आली तेव्हा एका फटक्यात शून्य झाले.

रेल्वेचं पटकन सांगते. आयआरएफसी ही १९८६ पासूनची सरकारी कंपनी, बाजारातून कर्ज उचलते, त्यातून इंजिनं, डबे, मालगाडीच्या वाघिणी घेते आणि रेल्वेला ३० वर्षांच्या लीजवर देते, पुढे डबलिंग (एकाचे दोन रूळमार्ग करणं), इलेक्ट्रिफिकेशनलाही तिथून पैसा गेला. रेल्वे मंत्रालय भाडं भरतं, त्यातून तुमचं व्याज येतं. बाबांनी २०१२ च्या टॅक्स फ्री बाँडचा कागद कपाटात जपून ठेवलाय, १५ वर्षांचा, त्यावर पैसे परत मिळायची तारीख छापलेली आहे. मधेच विकायला गेलात तर भाव कमीजास्त मिळेल, पण कंपनीला वाटलं म्हणून मुद्दल पुसता येत नाही.

आता एटी-वन. यात परतीची तारीखच नसते! बँक पाच वर्षांनी तुमचे पैसे देऊन बाँड परत घेऊ शकते, पण घेईलच असं नाही, अडचणीत असेल तर व्याजही टाळू शकते, आणि बँक बुडायच्या काठावर आली की हे बाँड शून्य करायची सोय अटींमध्येच लिहिलेली असते. म्हणजे बँक वाचवायला आधी तुमचा पैसा जळणार, म्हणून तर येस बँकेच्या या बाँडवर ९ आणि साडेनऊ टक्के व्याज होतं. मला खरा राग येतो तो हे कोणाला विकलं याचा. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या चौकशीत निघालं की १,३४६ सामान्य गुंतवणूकदारांनी साधारण ६७९ कोटी घातले होते, त्यातले १,३११ जण त्याच बँकेचे खातेदार, आणि २७७ जणांनी तर मुदतीआधी एफडी मोडून हे बाँड घेतले. एफडी मोडणारा माणूस रिस्क घ्यायला निघालेला नसतो हो, त्याला दोन टक्के जास्तीचे दिसत असतात आणि समोर ओळखीचा बँकवाला बसलेला असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने किरकोळ गुंतवणूकदारांना हे विकणंच बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पैसे शून्य झाल्यावर भांडण कोर्टात गेलं, आणि त्याबद्दल बोलतानाही लोक शेअरहोल्डर आणि बाँडवाले एकच समजतात. नेहमीच्या क्रमात तोटा आधी शेअरवाल्याचा, मग बाँडवाल्याचा. इथे उलटं झालं. ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं लॉक झाले, म्हणजे विकता येईनात, भाव पडला तो पडलाच, पण शेअर हातात राहिले, आणि बाँडवाल्यांच्या हातात काहीच नाही. म्हणून ते मुंबई हायकोर्टात गेले. तिथला मुद्दा अगदी तारखांचा होता. येस बँक वाचवायच्या स्कीमचा रिझर्व्ह बँकेने ६ मार्च २०२० ला जो ड्राफ्ट काढला त्यात हे बाँड शून्य करायचं लिहिलं होतं, १३ मार्चच्या फायनल स्कीममध्ये ते वाक्यच नव्हतं, आणि तरी १४ मार्चला बँकेवर नेमलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बाँड शून्य केले. २० जानेवारी २०२३ ला हायकोर्टाने सांगितलं, त्याला तो अधिकारच नव्हता, निर्णय रद्द. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकालाला स्थगिती मिळाली, म्हणजे निकाल बाजूने लागूनसुद्धा पैसे काही लगेच खात्यात आले नाहीत.

त्यामुळे घरात कोणी रिटायर्ड माणूस बाँड घ्यायला निघाला असेल तर व्याजाचा आकडा नंतर बघा, आधी कागदावर तीन गोष्टी शोधा: परतीची तारीख आहे का, व्याज टाळायची मुभा आहे का, आणि मुद्दल राइट-ऑफ म्हणजे शून्य करायची अट आहे का. तारखेच्या जागी ‘पर्पेच्युअल’ म्हणजे मुदतच नाही असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि एफडी अजिबात मोडू नका.